गुलाब आणायचा कुठून?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिलमध्ये, माझं नाक गेलं. ताप आला तसा उतरला, ऑक्सिजन नशिबानं खाली गेला नाही, खोकलाही हळूहळू थांबला. वास मात्र परतला नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी पत्ता नाही. फोडणीत हिंग घातला की राहिला, ते आठवून बघायचं. कालच्या भाजीचा डबा उघडून मी लेकाच्या नाकाखाली धरायचे आणि तो म्हणेल ते खरं मानायचे. आपण जिला चव म्हणतो तिचं निम्मं काम नाकच करत असतं, तेव्हा तीही गेली होती. तिखट, मीठ, आंबट, गोड एवढं जिभेला कळायचं. त्या वर्षी आमरस आणि भोपळ्याची खीर यांतला फरक मी डोळ्यांनी ओळखला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीण बाईंनी तपासून आत काही अडलेलं नाही असं सांगितलं आणि औषधाऐवजी गृहपाठ दिला. चार वास घ्यायचे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ, एकेक वास दहा-वीस सेकंद, निदान बारा आठवडे. वास येत नसला तरी हुंगायचं आणि तो वास कसा होता ते मनात आणायचं. मला वाटलं, बाई आपली समजूत काढताहेत. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांचं काम आहे, २००९ साली प्रसिद्ध झालेलं. फुलाचा, राळेचा, फळाचा आणि मसाल्याचा अशा चार जातींचा एकेक प्रतिनिधी त्यांनी घेतला होता. नाकातल्या वासाच्या पेशी जन्मभर नव्यानं तयार होत असतात. कोरोनाचा विषाणू मुख्यतः या पेशींना नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना मारतो. म्हणजे आशेला जागा होती.

लवंग मसाल्याच्या डब्यात होती, लिंबू फ्रीजमध्ये, निलगिरीच्या तेलाची बाटली पडशासाठी घरात असतेच. अडलं ते गुलाबापाशी.

घरात गुलाब म्हणवणाऱ्या वस्तू कमी नव्हत्या. देवघरात अगरबत्तीचा पुडा, फ्रीजच्या दारात गुलाबपाणी, वहिनींनी हैदराबादहून आणलेली अत्तराची कुपी. शिवाय कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे लांब दांड्याचे लालभडक गुलाब. यांतला खरा कुठला, हे ज्याला वास येत नाही त्यानं ठरवायचं! लेकाला बसवलं. त्यानं एकेक हुंगून निकाल दिला: अगरबत्ती म्हणजे धूर, अत्तर म्हणजे साबण, गुलाबपाणी म्हणजे लग्नातलं सरबत. आणि फुलाला म्हणे पानांचा वास येतो.

फुलाबद्दल त्याचं बरोबर होतं. मावळच्या हरितगृहांतून येणारा तो गुलाब खोक्यात चुरगळू नये, फुलदाणीत आठवडाभर ताठ उभा राहावा म्हणून निवडत निवडत घडवलेला आहे, आणि त्या निवडीत वासाकडे कुणी पाहिलं नाही. ज्याचं सुगंधी तेल काढतात तो गुलाब निराळा. रोझा डॅमसिना त्याचं शास्त्रीय नाव, राजस्थानात हल्दीघाटी-पुष्करकडे त्याला चैत्री गुलाब म्हणतात. फिका गुलाबी, सैल पाकळ्यांचा, ऊन चढलं की मान टाकणारा. देखणा म्हणावा असा मुळीच नाही. तो पहाटेपासून सकाळी नऊ-दहापर्यंत तोडतात, कारण उन्हाबरोबर त्यातलं तेल उडत जातं.

मग मी मोबाइलवर ‘रोझ एसेन्शियल ऑइल’ शोधायला घेतलं, आणि नाक नसल्याचा फायदा असा की डोकं हिशोबाकडे वळलं. एक किलो गुलाबतेलाला साधारण ३ ते ४ टन फुलं लागतात. १० मिलीच्या बाटलीतलं तेल वजनाला साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे तीसेक किलो फुलं. फूल किलोला १०० रुपये धरा, की ३००० रुपये नुसत्या फुलांचेच झाले. त्यावर सरपण, मजुरी, बाटली, दलाल. आणि माझ्यासमोर ‘शंभर टक्के शुद्ध’ असं लिहिलेली १० मिलीची बाटली होती दोनअडीचशे रुपयांना, वर दुसरी बाटली फुकट. खाली फायद्यांची यादी: त्वचा उजळते, सुरकुत्या जातात, केस वाढतात, झोप लागते, ताण उतरतो, हार्मोन्स ताळ्यावर येतात. पतिपत्नीत गोडवा वाढतो असंही एका ठिकाणी होतं. गोडवा परवडण्यासारखा होता.

डॉक्टरीण बाईंना फोन करून विचारलं, शुद्ध तेल कुठं मिळेल? त्या म्हणाल्या, ‘‘अहो, शुद्ध कशाला हवं? घरातल्या कुणालाही गुलाब वाटला म्हणजे झालं.’’ आणि खरंच, ड्रेस्डेनच्या त्या प्रयोगात गुलाबतेल नव्हतंच. फिनाइल इथाइल अल्कोहोल नावाचा एकच पदार्थ होता, जो कारखान्यात होतो आणि स्वस्त असतो. वासाच्या तपासणीत तो मुद्दाम वापरतात, कारण तो फक्त वासाच्या मज्जातंतूला हात घालतो. निलगिरीसारखा नाकात थंडगार झोंबत नाही, त्यामुळे ‘आला बुवा वास’ अशी फसगत होत नाही.

या पदार्थाची गंमत अशी की ताज्या फुलात तो भरपूर असतो, पण तो पाण्यात विरघळतो. फुलं पाण्यात उकळून वाफ धरली की वर तरंगणाऱ्या तेलात तो थोडाच येतो, बराचसा खालच्या गुलाबपाण्यात राहतो. म्हणून खरं गुलाबपाणी झाडावरच्या गुलाबाच्या जवळ जातं. खरं तेल मात्र पहिल्यांदा हुंगणाऱ्याला गुलाब वाटतच नाही. मधासारखं, किंचित मसालेदार, जरासं हिरवं आणि जड काहीतरी वाटतं. आपल्या डोक्यातला ‘गुलाबाचा वास’ साबणाच्या वडीनं आणि सरबताच्या बाटलीनं शिकवलेला आहे.

तर चार बाटल्या तयार झाल्या आणि मी हुंगत राहिले. कंटाळवाणं काम आहे. आधी काहीच नाही, मग लवंग असावी असा संशय, मग वाकडे वास: कांदा परतला की जळकं रबर, कॉफीला काहीतरी कुजल्याची घाण. हा वाकडेपणा बरे होण्याच्या वाटेवरचा टप्पा असू शकतो असं सांगितल्यावर धीर आला. गुलाब त्यातल्या त्यात सरळ आला, आणि म्हणूनच की काय, मला त्याचा नाद लागला.

पुढे एका मार्चमध्ये लखनौला लग्नाला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून कन्नौज गाठलं. हर्षवर्धनाची राजधानी म्हणून शाळेत पाठ केलेलं ते हेच. आज ते गल्लीबोळांचं, धुळकट, साधं गाव आहे, फक्त गल्ली बदलली की वास बदलतो. एका कारखान्यात मातीच्या भट्टीवर तांब्याचे डेग ओळीनं बसवलेले. डेगात फुलं आणि पाणी घालतात, झाकण ठेवून फटी माती-कापसाच्या लगद्यानं लिंपतात. झाकणातून निघतो बांबूचा चोंगा, वरून सुतळी घट्ट गुंडाळलेला, आणि तो जातो भपक्यात. भपका म्हणजे लांब मानेचं, गोल पोटाचं तांब्याचं भांडं, पाण्याच्या हौदात बसवलेलं. वाफ चोंग्यातून येते आणि भपक्यात थंड होते. बस्स, एवढंच यंत्र. मोजायचं साधन कुठं दिसलं नाही. कारागीर डेगाला कान लावत होता, भपक्यावर पंजा ठेवत होता आणि त्यावरून लाकडं आत सारत किंवा बाहेर ओढत होता. जाळ जास्त झाला तर फूल करपतं, आणि एकदा करपट वास शिरला की तो काढता येत नाही, असं तो म्हणाला.

अत्तर आणि तेल यांतला फरक मला तिथं नीट कळला. गुलाबाचं अत्तर करायचं तर भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. येणारी वाफ त्यात मुरते, खालचं पाणी काढून पुन्हा डेगात घालतात, दुसऱ्या दिवशी नवी फुलं, पुन्हा तेच. दिवसामागून दिवस चंदन गुलाब पीत राहतं. चंदनाशिवाय नुसतं गुलाबाचं जे तेल निघतं ती रूह-गुलाब, आणि तिची किंमत किलोला लाखांत बोलतात. तयार अत्तर पूर्वी उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवत. कातड्यातून पाण्याचा अंश बाहेर पडतो आणि तेल आत राहतं. आता चंदन इतकं महाग झालंय की पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन, नाहीतर प्लॅस्टिक नरम करायला वापरतात तो डीओपी नावाचा पदार्थ घेतात. मी याबद्दल छेडलं तर कारागीर हसला. ‘‘दीदी, चंदन का दाम तो आप जानती होंगी,’’ एवढंच म्हणाला. हळदीकुंकवाला अत्तरदाणीतून हाताच्या मागच्या बाजूला जे फिरवतात त्यात आज काय असतं, हा प्रश्न त्या दिवसापासून मी कुणाच्याच घरी विचारत नाही.

गुलाबतेलाच्या जन्माची भारतातली कथा बादशहाच्या हातची आहे, म्हणून सांगते. जहांगीरानं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की नूरजहाँच्या आईनं, अस्मत बेगमनं, गुलाबपाणी करताना पाहिलं, गरम पाणी भांड्यांत ओतलं की वर साय धरते. ती साय तिनं थोडी थोडी गोळा केली. एक थेंब तळहाताला लावला तर अख्खी मैफल दरवळते, असं बादशहा लिहितो. त्यानं बाईला मोत्यांची माळ दिली, आणि तिथं हजर असलेल्या सलीमा सुलतान बेगमनं तेलाला नाव दिलं इत्र-ए-जहांगिरी. म्हणजे शोध सासूबाईंचा आणि नाव जावयाचं. गुलाबपाणी इराणात त्याआधी कित्येक शतकं गाळत होते, तेव्हा ‘शोध’ हा शब्द किती ताणायचा ते सोडून देऊ. पण भांड्यावरच्या सायीकडे बघून ती टाकून न देणारी बाई मला पटते. तेलाचे गुण सांगतानाही जहांगीर एवढंच म्हणतो की मन उभारी धरतं, कोमेजलेला जीव ताजा होतो. दारू आणि अफू दोन्हींचा भक्त असलेल्या माणसाची ही साक्ष, तरी आजच्या बाटलीवरच्या यादीपेक्षा ती संयमी आहे.

आता खरी मौज सांगते. माझं माहेर साक्रीचं. आमच्याकडे फडताळात रोशाच्या तेलाची बाटली असायची, आजोबांच्या गुडघ्याला चोळायला. पिंपळनेरपासून नंदुरबार-तळोद्यापर्यंतच्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवतं. ते फुलावर आलं की कापून भट्टीत घालायचं आणि तेल काढायचं, हा खानदेशातला जुना धंदा. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानात जायचं. तुर्क त्याला इद्रिस यागी म्हणत. तिथून ते पोचायचं बाल्कन डोंगरांच्या पायथ्याशी, आजच्या बल्गेरियातल्या काझानलकच्या गुलाबखोऱ्यात, जिथलं गुलाबतेल युरोपात सर्वांत नावाजलेलं होतं आणि आहे. तिथले काही गाळणारे ते भट्टी लावण्याआधी पाकळ्यांवर शिंपडत. पॅरिस-लंडनच्या बायकांच्या रुमालांना जो बल्गेरियन गुलाब यायचा, त्यात थोडा साक्री तालुका असायचा!

ही भेसळ खपायची याला कारण होतं. गुलाबतेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे दोन मोठे घटक. रोशा तेलात जिरॅनिऑल पाऊण हिश्श्याहूनही जास्त असतं. खऱ्या तेलात फुलातलं मेण उतरतं म्हणून ते थंडीत गोठतं, आणि गिऱ्हाईक त्यावरून पारख करायचं. मग पातळ झालेल्या भेसळीच्या तेलात देवमाशाच्या डोक्यातलं मेण घालत. आज फ्रीजमध्ये ठेवून शुद्धता ओळखा असं सांगणारे व्हिडिओ दिसतात, त्यांना हा दीडशे वर्षांपूर्वीचा उतारा माहीत नसावा. आता प्रयोगशाळेत तेलाचे घटक सुटे करून मोजता येतात. त्यातून हेही कळलंय की गुलाबपणाचा मोठा वाटा डॅमसिनोन नावाच्या पदार्थाचा आहे, जो तेलात शेकडा एक भागही नसतो. रोशात तो गुलाबी ठसका येणार कुठून? तरी रोशाला मी नकली म्हणणार नाही. साबणात, उदबत्तीत, डासांच्या मलमात ते आपल्या नावानं प्रामाणिकपणे काम करतं. आजोबांच्या गुडघ्यानंही कधी तक्रार केली नाही. चोळण्याचा गुण किती आणि तेलाचा किती, ते गुडघाच जाणे.

तर उपयोग काय, असं लोक मला हल्ली विचारतात, कारण माझ्याकडे कन्नौजहून आणलेली रूह-गुलाबाची बोटभर कुपी आहे. माझं उत्तर असं की हुंगायला. हा उपयोग क्षुल्लक समजू नये. वासाचा निरोप मेंदूत जातो तो भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी उतरतो, मध्ये फारशी चौकी नाही. शस्त्रक्रियेआधीची धास्ती, पाळीतलं दुखणं, झोप यांवर गुलाबाच्या वासाचे प्रयोग झालेत, त्यातले पुष्कळसे इराणात. थोडा उतार पडलेला दिसतो. पण प्रयोग लहान आहेत, आणि ज्याला वास येतो त्याला आपल्याला गुलाब दिलाय हे कळतंच, त्यामुळे मनाची समजूत किती आणि तेलाचा गुण किती हे वेगळं काढता येत नाही. मला विचाराल तर धास्तावलेल्या माणसाला समजुतीनं बरं वाटलं तरी बरंच वाटलं.

‘गुलाबानं स्मरणशक्ती वाढते’ हा निरोप तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्याच्या मुळाशी जर्मनीतल्या ल्युबेकचा २००७ सालचा प्रयोग आहे. पत्त्यांच्या जोड्या कुठं आहेत हे लोकांना गुलाबाच्या वासात लक्षात ठेवायला लावलं, रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला, आणि सकाळी त्यांना जास्त जोड्या आठवल्या. पण ज्यांना पाठ करताना वास दिलाच नव्हता, फक्त झोपेत दिला, त्यांना काही फायदा झाला नाही. म्हणजे गुलाब तिथं फक्त खूण होता. लसणानंही कदाचित तेच काम केलं असतं, पण झोपायला कोण तयार होणार!

त्वचेचं म्हणाल तर मी हात आखडता घेते. काचेच्या बशीतले जंतू गुलाबतेलानं मरतात हे खरं, पण बशी म्हणजे गाल नव्हे. सुरकुत्या पुसल्याचा, केस उगवल्याचा, हार्मोन्स ताळ्यावर आल्याचा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. उलट जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल यांची काहींना ॲलर्जी होते, म्हणून युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टणावर त्यांची नावं छापावी लागतात. लावायचंच तर तिळाच्या किंवा बदामाच्या ३० मिली तेलात पाचसहा थेंब, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. नुसतं तेल चेहऱ्याला नको. पोटात तर मुळीच नको, त्यासाठी गुलकंद आहे, वैशाखात रोज चमचाभर खा. आमच्या लहानपणी डोळे आले की डोळ्यांत गुलाबपाणी घालत. बाजारातलं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं, तेव्हा ती आठवण आठवणच राहू दे. दमा असलेल्याच्या खोलीत कुठलाच वास कोंडून ठेवू नये, गुलाबाचाही.

पुण्याच्या धाकट्या बहिणीनं गेल्या आठवड्यात फोन केला. चाळिशी उलटली, कपाळावर रेघ दिसते, तुझ्या त्या कन्नौजच्या कुपीतलं थोडं देतेस का? म्हटलं, हुंगायला हवं तर ये, अर्धा तास बस, चहा पी. कपाळासाठी सनस्क्रीन लाव. ती म्हणाली, सनस्क्रीनला वास चांगला नसतो. मग म्हटलं, सनस्क्रीन कपाळाला आणि गुलाब रुमालाला. येते म्हणालीय रविवारी, आणि येताना रिकामी बाटली आणणार आहे.